रक्ताला बसायला जागा नको

भाऊंच्या हातात काचेची कुठलीही वस्तू आली की ती तिरकी व्हायची. चहाचा ग्लास असो, औषधाची बाटली असो, नाहीतर वाण्याकडची गोडेतेलाची बरणी असो. आधी ती उजेडाकडे धरायची, मग हळूच तिरकी करायची, परत सरळ करायची, आणि ओठ आतल्या आत हलत राहायचे. एक, दोन, तीन, चार. एका लग्नात त्यांच्यापुढे सरबताचा ग्लास आला, तर तो तिरका करून ते इतका वेळ बघत बसले की वरमाय घाबरून विचारायला आल्या, "काही पडलंय का हो त्यात?"

"अजून नाही," भाऊ म्हणाले आणि सरबत पिऊन टाकलं.

तुमच्याही माहितीत अशी माणसं असतील. शिंपी बोलताना आपल्या तोंडाकडे बघत नाही, खांद्याकडे बघतो. न्हावी मानेवरच्या केसांकडे बघतो. भाऊ रक्ताकडे बघायचे. उल्हासनगरात फर्निचर बाजाराच्या मागच्या गल्लीत आमची रक्त-लघवी तपासायची लॅब होती आणि तिथे माझी बारा-तेरा वर्षं त्यांच्या शेजारच्या स्टुलावर गेली. मी अंबरनाथची, शिवमंदिराच्या अलीकडे माझं सासर. ते बदलापूरजवळच्या चामटोलीचे, शेतकऱ्याच्या घरातले. नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते हजेरीपटापुरतं. एरवी सगळे भाऊच म्हणायचे. लॅबचे मालक सिंधी डॉक्टर वयाने त्यांच्याहून मोठे, तेही भाऊच म्हणायचे. भाऊ आता नाहीत, म्हणून हे लिहायचं धाडस करते आहे. असते तर कागद तिरका करून वाचला असता.

एक तपासणी खास त्यांची होती. ज्यांच्या हृदयात नकली झडप बसवलेली असते किंवा ज्यांच्या रक्तात गुठळी व्हायची भीती असते, त्यांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या देतात. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून रक्त गोठायला किती सेकंद घेतं ते अधूनमधून मोजावं लागतं. आता ते यंत्र मोजतं, तेव्हा हाताने मोजायचं. अंगाइतक्या कोमट पाण्याच्या टाकीत काचेची नळी धरायची, तिच्यात रक्तातलं वरचं पिवळसर पाणी घालायचं, त्यावर सशाच्या मेंदूपासून केलेलं एक औषध सोडायचं आणि स्टॉपवॉच दाबून नळी तिरकी-सरळ, तिरकी-सरळ करत राहायचं. पहिला धागा दिसला की घड्याळ बंद. धागा म्हणजे काय, कोळ्याच्या जाळ्यातला एखादा तुटका तंतू. मला तो दिसेपर्यंत सुरुवातीला दोन सेकंद निघून गेलेले असायचे. भाऊंना तो यायच्या आधी दिसायचा. "आलं," ते हळूच म्हणायचे, आणि मग यायचं.

"सशाला विचारून सांगतो," असं ते पेशंटना सांगत. पेशंटना वाटे, माणूस थट्टा करतोय. मला माहीत होतं की नाही करत.

एक जाडजूड सिंधी कापडवाले दर महिन्याला यायचे, सगळे त्यांना मानाने साईं म्हणत. झडप बदललेली. बाकावर बसल्या बसल्या ओरडायचे, "भाऊ, बोलो, पास की फेल?"

"साईं, पास-नापास शाळेत. इथं फक्त चालू की बंद."

साईं खदखदून हसायचे. मी नाही हसायची. भाऊ हे ज्या आवाजात म्हणायचे, तो आवाज हसण्यासारखा नव्हता. मग ते त्यांचं नेहमीचं वाक्य ऐकवायचे. "रक्त चालतंय तोवर रक्त. बसलं की दगड. त्याला बसायला जागा देऊ नका. चालत राहा, आणि पालेभाजी मोजून खा. हिरव्या पाल्यानं गोळीचा जोर उतरतो." हे पाल्याचं वाक्य त्यांनी शेकडो लोकांना सांगितलं असेल. मी स्वतः ऐकलेलं आहे, म्हणून पुढे जे झालं त्याचा मला अजून राग येतो.

या तपासणीत एक निरोगी माणूस लागतो. पेशंटचं रक्त निरोगी रक्ताच्या मानाने किती पट उशिरा गोठतं, तो आकडा काढायचा असतो. मोठ्या ठिकाणी त्यासाठी तयार कुप्या असत. आमच्याकडे भाऊ होते. रोज सकाळी आल्यावर हातपाय धुऊन ते शर्टाची बाही वर करायचे, मी दंडाला रबर बांधायची आणि सुईने त्यांचं थोडं रक्त काढायची. ते नेहमी बारा सेकंदात गोठायचं. पावसाळा असो, उन्हाळा असो, घरात कुणी आजारी असो, बारा. "मी बारा," ते स्वतःची ओळख करून देताना म्हणायचे. अख्ख्या उल्हासनगरचं रक्त भाऊंच्या रक्तावर मापलं जातं, असं मी चिडवायची. त्यांना ते आवडायचं. माणसाला कशाचा अभिमान असेल सांगता येत नाही.

आता एक प्रसंग सांगते, मग काय ते तुम्हीच ठरवा. भर उन्हाळ्यातली दुपार होती, वीज गेलेली. टाकीचं पाणी निवू नये म्हणून शेजारच्या चहावाल्याच्या किटलीतलं गरम पाणी थोडं थोडं ओतून भाऊंनी ते राखलं होतं, पण काम थांबलेलं होतं. भाऊ भिंतीकडे तोंड करून चहा पीत होते. त्यांच्या पाठीमागे बाकावर एक निवृत्त मास्तर साखरेच्या रिपोर्टसाठी बसले होते. भाऊंनी ग्लास तिरका केला आणि म्हणाले, "आलं."

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. नळी नव्हती. तेवढ्यात मागे छत्री पडल्याचा आवाज आला. वळून बघते तो मास्तरांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, हात लुळा पडलेला. डॉक्टर धावत आले, आम्ही त्यांना रिक्षात घातलं. मेंदूत गुठळी अडकली होती.

संध्याकाळी मी विचारलं, "भाऊ, दुपारी काय आलं होतं?"

"मी काही बोललो?" ते म्हणाले. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

मी असल्या गोष्टी मानणारी नाही. दारापाशी एवढं पुरातन मंदिर असून कधी नवस बोलले नाही. पण त्या दिवसानंतर भाऊंच्या हातात नळी नसताना त्यांचे ओठ हलायला लागले की मी मुद्दाम मोठ्याने बोलायला लागायची.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं असेल. एका सकाळी मी त्यांच्या दंडाला रबर बांधलं, सवयीने मनगटावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिले. नाडी चुकत होती. तीन ठोके घाईघाईने, मग एक गायब, मग दोन, मग काहीच नाही.

"भाऊ, हे कधीपासून?"

"काखेत कोंबडी धरल्यासारखं होतं कधीकधी. फडफडते आणि गप्प होते. तू रक्त काढ."

त्या दिवशीही ते बाराच आले. पण डॉक्टरांनी लगेच ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि चष्मा कपाळावर चढवला. "भाऊ, ये मजाक नहीं है. हृदयाचे ठोके बिघडलेत. उद्याच्या उद्या मुंबईला जायचं. और आपण ऐकणार नाही, मालूम है, म्हणून ही जाईल बरोबर."

भाऊंच्या घरी दोघंच, ते आणि वहिनी. वहिनींनी आयुष्यात बदलापूरच्या बाजारापलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. म्हणून मोठ्या हॉस्पिटलात मी गेले. तिथला हृदयाचा डॉक्टर अगदी तरुण होता. त्याने कागदावर हृदय काढून दाखवलं. वरच्या कप्प्यात वीज घाण्याच्या बैलासारखी एकाच वाटेवर गोल गोल फिरत होती. जांघेच्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत न्यायच्या आणि ती वाट एका जागी जाळून तोडायची, म्हणजे ठोके सरळ. उपचार नवा होता, फार कमी ठिकाणी होत होता.

"म्हणजे बरा होईन," भाऊ म्हणाले.

"होण्याची शक्यता चांगली आहे. पण धोका गुठळीचा आहे." त्याने कप्प्याच्या कडेला कानासारखं काहीतरी काढलं. "कप्पा सध्या नीट आवळत नाही, नुसता थरथरतो. त्यामुळे या कोपऱ्यात रक्त साचून राहतं. तिथे गुठळी झाली असेल तर ती आत्ता गप्प पडून असेल. आपण ठोके सरळ केले की कप्पा पुन्हा आवळायला लागणार आणि ती तिथून निघणार. निघाली की मेंदूत जाऊ शकते. शिवाय तारेवर आणि जाळलेल्या जागीही रक्त धरतं. म्हणून त्याआधी चार आठवडे रक्त पातळ पाहिजे. दर आठवड्याला आकडा दोन ते तीनच्या मधे. एक आठवडाही खाली गेला तर मी तार घालणार नाही."

आकडा काढायचं काम आमच्याच लॅबचं, हे कळल्यावर तो म्हणाला, "मग तर काळजीच नाही."

हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरताना भाऊ मधेच थांबले. "ऐकलंस ना? आत कुणीतरी येऊन बसलंय. आपण घर झाडायला घेतलं की ते उठणार." मी म्हटलं, भाऊ, भलतंसलतं बोलू नका. पण घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यातून ते कोपऱ्यात बसलेलं काही हलेना.

गोळ्या सुरू झाल्या. रक्त पातळ व्हायला लागल्यावर भाऊ निरोगी माणूस म्हणून चालेनात. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि माझं रक्त काढलं. "साडेबारा," ते म्हणाले. "चालेल. जरा आळशी आहे." मग बाही खाली करून बटण लावत बसले. ते बटण लावायला त्यांना फार वेळ लागला. बाकीच्या पेशंटच्या नळ्याही त्यांनी मला दिल्या, डॉक्टरांनी त्यांना कमी काम करायला सांगितलं होतं. स्वतःची नळी मात्र दिली नाही. "माझं मी बघतो," म्हणाले. चार आठवड्यांनंतरची तारीख मिळाली होती. ती चुकली तर पुढची कधी मिळेल ते कुणी सांगत नव्हतं, आणि कोंबडी आता रोज फडफडत होती.

पहिल्या आठवड्याला त्यांनी आकडा लिहिला दोन. मग दोन पूर्णांक दोन दशांश. मग अडीच. आम्ही खूश.

याच दिवसांत ते थोडे विचित्र वागायला लागले. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचा. डबा खाल्ला की डावीकडची अर्धी भाजी, अर्धी पोळी तशीच राहायची. मी म्हणायची, "भाऊ, अर्धं कुणासाठी ठेवता?" ते डब्याकडे बघून म्हणायचे, "संपलाय की." मला वाटायचं चेष्टा करताहेत. मग एका दुपारी त्यांनी विचारलं, "त्या बाईंना किती वेळ बसवून ठेवणार आहेस?"

"कुठल्या बाई?"

"त्या काय, डावीकडं. केव्हाच्या आल्यात."

डावीकडे आमचा बाक होता आणि बाकावर कुणीही नव्हतं. मी तसं सांगितलं. भाऊंनी मान वळवून नीट बघितलं. "गेल्या," ते म्हणाले. दोन दिवसांनी परत तेच. आता एक म्हातारा. मग नुसतंच कुणीतरी. "बोलत नाहीत. येऊन बसतात आणि वाट बघतात," भाऊ मला अगदी साध्या आवाजात सांगायचे, जसं आपण पेशंटबद्दल सांगतो. मी चष्म्याचा नंबर बदला म्हणून चिडवलं. घरी जाताना मात्र त्या बाकाकडे पाठ करून चप्पल घालायची माझी हिंमत होईना.

तारखेला चार दिवस राहिले होते. दुपारी भाऊंनी डबा उघडला आणि काळपट हिरव्या भाजीचा वास आला. टाकळा. पावसाळ्यात बदलापूरकडच्या वाड्यांवरच्या बायका रानातून खुडून आणतात ना, तो. पाटीभर.

"भाऊ! पाला? तुम्ही?"

"ती करते."

"आणि तुम्ही खाता? रोज?"

"टाकळा, कुरडू, जे येईल ते. पुढ्यात वाढते. तिला काय सांगू मी?" ते खाली बघून जेवत राहिले, उजवीकडची बाजू.

त्यांच्या सकाळच्या रक्तातलं पिवळं पाणी स्टँडमध्ये शिल्लक होतं. डबा झाल्यावर मी ते दोन नळ्यांत घातलं. एक त्यांच्या हातात दिली, एक मी घेतली. "भाऊ, एकदा दोघं मिळून बघू." त्यांनी खांदे उडवले. आम्ही दोघं टाकीवर वाकलो आणि दोन घड्याळं एकदम दाबली.

सतराव्या सेकंदाला माझ्या नळीत धागा आला. मी घड्याळ बंद केलं. म्हणजे आकडा दीडच्याही आत. मी भाऊंच्या नळीकडे बघितलं. तिथेही धागा आला होता. डाव्या कडेला चिकटून लोंबत होता, मला स्पष्ट दिसत होता. आणि भाऊ डाव्या हातातली नळी तिरकी-सरळ करत होते. अठरा. एकोणीस. वीस. धाग्याचा पुंजका झाला. बावीस. तेवीस. पुंजक्याचा गोळा झाला आणि नळी तिरकी केली की आतलं पाणी हलेना झालं. भाऊ मोजत होते. ज्या माणसाला दुसऱ्याचा धागा यायच्या आधी दिसायचा, तो आपल्याच रक्ताची गुठळी बोटभर अंतरावर धरून मोजत उभा होता. पाण्याच्या टाकीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

एकतिसाव्या सेकंदाला त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग घड्याळ बंद केलं. "अडीच," ते म्हणाले.

"भाऊ, ही गोठून बसली आहे."

"अडीच आहे."

"खोटा आहे हा आकडा!"

असं मी म्हणाले. हातातली नळी फेकून द्यावी असं झालं होतं मला. भाऊंनी नळी स्टँडमध्ये ठेवली, हात धुतले. "एवढी वर्षं माझ्या शेजारी बसून हे शिकलीस," ते म्हणाले. "मला खोटारडा ठरवायला."

मी डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांच्याच टेबलावरून मुंबईला फोन लावला. माझं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. पण फोन ठेवताना मी भाऊंकडे बघू शकले नाही.

तारीख रद्द झाली. मुंबईला नेऊन डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दिसणं असतं तिथे, उजव्या बाजूला एक डाग होता. हृदयातली छोटीशी गुठळी आधीच कधीतरी सुटून तिथे जाऊन अडकली होती. दुखलं नाही, तोंड वाकडं झालं नाही, फक्त डावीकडचं अर्धं जग भाऊंच्या नजरेतून गेलं, आणि गेलं हे त्यांना कळलंही नाही. त्या रिकाम्या जागेत मेंदू आपल्या मनाने माणसं बसवतो, असं तरुण डॉक्टर म्हणाला. मग घशातून नळी घालून हृदय बघितलं. कानासारख्या कोपऱ्यात आणखी एक गुठळी होती, वाटाण्याएवढी. "त्या दिवशी तार घालून ठोके सरळ केले असते तर..." एवढंच बोलून तो कागद भरायला लागला.

लॅबचं काम सुटलं ते सुटलंच. अर्ध्या नजरेच्या माणसाच्या हातात नळी कोण देणार? भाऊ चामटोलीला घरी बसले. दर रविवारी मी त्यांचं रक्त काढायला जायची. ते ओटीवर बसलेले असायचे. मला बघितलं की जरासे उजवीकडे फिरायचे, म्हणजे मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन नाहीशी व्हायची. हात तेवढा पुढे करायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. मी तशी तोंडाळ, पण त्या ओटीवर मीही नुसती नळी भरून उठायची.

पहिल्याच रविवारी वहिनी मला मागच्या दारी घेऊन गेल्या. "बाय, खरा सांग. मीच केला का ह्यो?"

"असं का म्हणता?"

"डाक्टर बोलला रगात पातल करायचा. पातल रगताचा मानूस जगल का? मंग मी पाला घालत गेले. पाल्यानं रगात भरतं, आमची आय सांगायची. मना काय ठावं, गोली एक करतंय आन् मी दुसराच करतंय." पदर तोंडात धरून त्या उभ्या होत्या. "ह्ये बोलले पन नाय कधी. गप खात व्हते."

त्यांनी का सांगितलं नाही, हे मला तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. नवरा हातचा जाणार या भीतीने बाई रानातला पाला खुडून, निवडून, शिजवून पुढ्यात वाढते आहे. तिला तो "हे विष आहे" असं कोणत्या तोंडाने म्हणणार? पेशंटला सांगणं सोपं असतं. मी वहिनींना सांगितलं की तुमच्यामुळे नाही, गुठळी आधीचीच असणार. ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही. पुढे डॉक्टरांनी सांगितलं तसा त्या रोज मूठभरच पाला घालायच्या, ना कमी ना जास्त.

सहा महिने आकडा दोनच्या खाली आला नाही. धागा मीच बघायची. घशातून पुन्हा नळी घातली तेव्हा कोपरा रिकामा होता. नवी तारीख मिळाली.

त्या दिवशी मी लॅबमध्ये अर्धी रजा टाकून दुपारी हॉस्पिटलात पोचले. तार घालून झाली होती, वाट तोडून झाली होती, ठोके सरळ झाले होते. पण पुढचे काही तास खरे धोक्याचे, हे मला माहीत होतं. नर्स थोड्या थोड्या वेळाने येऊन म्हणायची, "काका, हसून दाखवा. दोन्ही हात वर करा." भाऊ हात वर करायचे आणि मी बाहेर जिन्याच्या अंधाऱ्या टोकाशी उभी राहून दारातून दोन्ही हात सारख्याच उंचीवर आहेत ना ते बघायची. वहिनी खाली औषधं आणायला गेल्यावर मी आत गेले. खुर्ची एकच होती, डावीकडे. ते उताणे पडले होते, पाय हलवायला मनाई. तोंड उजवीकडे, दाराच्या दिशेला, पण डोळे मिटलेले. मी आवाज न करता खुर्चीत बसले.

खुर्ची किंचित कुरकुरली. भाऊ न वळताच म्हणाले, "आलात? बसा."

खुर्ची पुन्हा वाजू नये म्हणून मी होते तशीच बसले.

"आज लांब आलात. मला वाटलं, आता येणार नाही तुम्ही." उशाशी यंत्राच्या पडद्यावर ठोके सारख्या अंतराने उमटत होते. "एक सांगतो. तुम्ही काही कुणाला सांगणार नाही. ती पोरगी आली नाही आज. कशाला येईल? सहा महिने तोंड फिरवून बसलो. त्या दिवशी टाकीपाशी मला धागा दिसला नाही, खरंच नाही दिसला. पण मी तिचं तोंड बघितलं. तिच्या तोंडावर सगळं दिसलं मला. तेव्हाच समजलं की बसलंय. तरी अडीच म्हणालो. भीती वाटली हो. नळी धरता येत नाही म्हटल्यावर मी कोण? तिनं फोन केला नसता तर मी आज इथं नसतो. हे तिला कळू देऊ नका. आधीच तोंडाळ आहे. डोक्यावर मिऱ्या वाटेल."

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मग हळूच उठले, पलंगाच्या पायथ्याकडून वळसा घातला आणि दारापाशी जाऊन उजवीकडून त्यांच्यासमोर आले. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कधी आलीस?"

"आत्ताच," मी म्हणाले.

त्यांनी सावकाश मान डावीकडे वळवली आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"गेले वाटतं," ते म्हणाले.